पॉसमचं सोंग

आमच्याकडे जो तो झोपलेला. तिखटमीठ लावून सांगत नाही. संध्याकाळी मी स्टुडिओतून घरी येते तेव्हा गेटवरचा वॉचमन खुर्चीत मान टाकून पडलेला असतो. "पगार झोपायचा घेतोस का रे?" असं मी त्याला रोज विचारते आणि रोज तो ढिम्म हलत नाही. जिन्यापाशी तळमजल्यावरचे रिटायर्ड काका तोंडावर पेपर घेऊन बाकड्यावर आडवे. घोरतात म्हणावं तर तेही नाही, नुसते पडलेले. वर यावं तर नवरा सोफ्यावर, टीव्ही चालू, डोळे मिटलेले. ऑफिसात फार दमणूक होते म्हणे त्याची. मी काय दिवसभर पाळण्यात झोके घेत असते? दिवसाउजेडी मला लवंडलेली कुणी बघितली असेल तर पुढे यावं.

मी फटकळ आहे, हे मान्य. आमच्या माहेरीच ते आहे. जे पोटात तेच ओठात. बोलून टाकलं की मी मोकळी, घटकाभराने मला आठवतही नाही काय बोलले ते. आत ठेवून कुढत बसणारी माणसं मला कळतच नाहीत. आणि एक सांगून ठेवते, मी आजवर कुणावर हात उचललेला नाही. मुलीवर तर नाहीच नाही. पुढचं ऐकून लोक भलतंसलतं धरून बसतात, म्हणून आधी सांगितलेलं बरं.

माझं काम सिनेमाच्या खालच्या ओळी लिहिण्याचं. पडद्यावर माणसं इंग्रजीत बोलतात, मी ते मराठीत तळाशी देते. दोन ओळींत बसलं पाहिजे आणि वाचून पुन्हा चित्राकडे बघायला वेळ उरला पाहिजे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आवाजही लिहावे लागतात. (दार करकरतं.) (लांबवर कुत्रं भुंकतं.) (शांतता.) हो, शांतताही लिहायची असते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं ओळ गळाली. इतकी वर्षं झाली या कामात की पडद्याखाली चढउतार दाखवत धावणारी आवाजाची पट्टी बघूनच सांगते, हा खोकला आहे की कपाटाचं दार.

या कामात एक कळलं. इंग्रजांनी प्राण्यांवर वाट्टेल ते आळ घेतलेले आहेत. मगर कधी खोटं रडली नाही, शहामृगाने कधी वाळूत डोकं खुपसलं नाही, पण भाषेत ते कायमचं चिकटलं. आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही म्हणा. बगळ्याला ध्यानाला बसवलं आणि मांजराला डोळे मिटून दूध प्यायला लावलं. तसाच एक त्यांचा पॉसम. मांजराएवढा, घुशीसारख्या तोंडाचा, अमेरिकेतला प्राणी. संकट समोर आलं की मेल्यासारखा पडतो. म्हणून कुणी झोपेचं, बेशुद्धीचं, काही ठाऊक नसल्याचं नाटक केलं की इंग्रज म्हणतो, हा पॉसम खेळतोय. मारामारीच्या सिनेमात हे हमखास येतं. जमिनीवर पडलेल्याला इन्स्पेक्टर बुटाने ढोसतो आणि हे वाक्य टाकतो. मी न अडखळता लिहायचे, 'सोंग घेतलंय.' आपली म्हण आहेच की, झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही.

घरी ही म्हण मी सासूबाईंसाठी राखून ठेवली होती. त्यांना मागच्या वर्षी झटका आला. हात-पाय सुधारले, वाचा काही परत आली नाही. मी खोलीत जावं तेव्हा डोळे अर्धे मिटून, जबडा सैल सोडून पडलेल्या. हाक मारा, हलवा, औषध पाजा, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा फोटो चांगला आहे. एव्हाना बोलायला हव्या होत्या." म्हणजे मी म्हणत होते तेच झालं ना? "अहो आई, माझ्यापुढे नाटकं चालायची नाहीत," असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्यांच्या खोलीत एक वासही यायचा, गोडसर, नासलेल्या फळासारखा. चादरी बदला, खिडक्या उघडा, फरशी पुसा, मी खोलीत गेले की वास हजर. दिवसा त्यांना बघायला एक मावशी येत. त्या म्हणायच्या, मला तर येत नाही वास. मी म्हटलं, तुमचं नाक गेलंय.

शेवटी शहराबाहेरच्या एका शुश्रूषागृहात जागा बघितली. शनिवारी त्यांची गाडी येणार होती. नवरा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मला असल्या हो-नाहीचा उबग येतो.

त्याच आठवड्यात ठकीचं सुरू झालं. ठकी म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं सात, दाराआडून खुदखुदणारी. खुदखुदणं मला दाराबाहेरूनच ऐकू यायचं. आत जावं तर तोंडाला कुलूप. आजी आणि ती एका माळेचे मणी, असं मी म्हणायचे. सोमवारी मी घरी आले तर फ्रीजचं दार उघडं, दूध नासलेलं, खाली पाण्याचं तळं. "ठके," मी हॉलमधूनच आवाज दिला. आत गेले तर बाईसाहेब शाळेच्या कपड्यांत आजीशेजारी आडव्या. तोंड किंचित उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबतोय. दोघी एकसारख्या पडलेल्या.

"अरे वा," मी म्हटलं, "शिकवणी सुरू झाली वाटतं."

ती हलली नाही. आता माझ्याकडे एक युक्ती होती. सिनेमातल्या एका डॉक्टरकडून शिकलेली. पडलेल्या माणसाचा हात त्याच्याच तोंडावर उंच धरायचा आणि सोडून द्यायचा. सोंग घेतलेला माणूस कितीही पक्का असो, त्याचा हात शेवटच्या क्षणी बाजूला पडतो. स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायला कुणाचंही शरीर तयार नसतं. मी ठकीचा हात उचलला. गार होता. नळाखाली धरलेल्या भांड्यासारखा गार. मी तो तिच्या तोंडावर धरला आणि सोडला.

तो सरळ खाली आला. मनगटाचं हाड नाकावर आपटल्याचा आवाज झाला. पापणीसुद्धा लवली नाही. मग नाकातून रक्ताची एक बारीक रेघ आली आणि ओठावर थांबली. तिच्या अंगालाही तोच वास येत होता.

मी घाबरले. हे वाक्य मी सहसा बोलत नाही. मी नवऱ्याला ओरडून तिला घेऊन यायला सांगितलं आणि गाडी थांबवायला पुढे पळाले. तो तिला घेऊन खाली येईपर्यंत ती जागी झाली होती. मी रस्त्यावरून वळून बघितलं तर त्याच्या खांद्यावरून डोळे उघडे ठेवून टुकूटुकू बघत होती. माझा जीव भांड्यात पडला. मी धावत जवळ गेले तर मान पुन्हा लुळी.

डॉक्टरांनी तिला आत नेलं, मला बाहेर बसवलं. दाराआडून तिचा आवाज येत होता, शाळेतल्या कुणाची तरी नक्कल करत होती. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. "घरी काही ताण आहे का तिला?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "ताण मला आहे, तिला कसला?" त्यांनी कागदात डोकं घातलं ते वरच केलं नाही.

त्यानंतर ते रोज व्हायला लागलं. मी घरी यावं आणि माझी पोर गार पडलेली असावी. मला रात्री झोप लागेना. म्हातारं माणूस नाटक करेल, पण सात वर्षांच्या मुलीचं नाक फुटतं आणि ती हूं का चूं करत नाही, याला नाटक कसं म्हणायचं? माझ्या मुलीला काहीतरी होत होतं आणि ते काय हे एकाही शहाण्याला सांगता येत नव्हतं.

बुधवारी आमच्या संपादिकेचा निरोप आला. ती कधी फोन करत नाही, पलीकडच्या टेबलावर बसली असली तरी लिहूनच कळवते. प्राण्यांवरच्या एका माहितीपटाचं काम माझ्याकडे होतं आणि त्यातल्या एका ओळीखाली तिने लाल रेघ मारली होती. 'तुम्ही सोंग लिहिलंय. निवेदक बरोबर उलटं म्हणतोय. कृपया बघाल का?' मी पाय आपटत जाऊन बघितलं.

पडद्यावर अंगण होतं आणि अंगणात तो पॉसम. एक कुत्रा त्याच्याकडे आला. चांगला गुबगुबीत, पाळलेला, शेपूट हलवणारा कुत्रा, त्याला फक्त खेळायचं होतं. पॉसम आडवा झाला. जीभ बाहेर, डोळे उघडे, तोंडातून लाळ. कुत्र्याने त्याला हुंगलं, नाकाने उलटा केला, सुलटा केला. निवेदक म्हातारा होता, हळू बोलायचा. खेळणं, सोंग, नाटक हे आपले शब्द आहेत, तो म्हणाला, या प्राण्याला त्यातलं काही ठाऊक नाही. त्याचं शरीर त्याला न विचारता बंद पडतं. काळीज मंदावतं, अंग गार होतं, मेलेल्या मांसासारखा वास सुटतो. त्याला चिमटा काढा, त्याचं बोट मोडा, तो उठू शकत नाही. धोका निघून जाईपर्यंत त्याचं शरीर त्याच्या ताब्यात नसतं.

मी ते दृश्य पुन्हा पुन्हा लावलं. भाषेतली चूक दुरुस्त करायला लागले तर शब्द सापडेना. सोंग नव्हे. मग काय? बोबडी वळली, दातखीळ बसली, गर्भगळीत झाला, आपल्याकडे भीतीला शब्दांची वानवा नाही. शेवटी मी लिहिलं, 'त्याची दातखीळ बसते.' लिहिलं आणि माझी बोटं कळफलकावर तशीच राहिली. मला गोडसर नासका वास आठवला. गार हात आठवला.

म्हणजे माझ्या घरात कुणीतरी होतं. कुणीतरी येत होतं, ज्याच्या येण्याने माझ्या मुलीचं काळीज मंदावत होतं.

पहिला संशय मावशींवर. घरात दिवसभर त्याच. संध्याकाळी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि सरळच विचारलं, "तुम्ही माझ्या मुलीला काय करता?" त्यांच्या हातात कप होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, तोंड उघडलं, पण आवाज म्हणून फुटला नाही. नुसत्या कपाकडे बघत राहिल्या. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं. मग नवऱ्यावरही संशय घेतला. तळमजल्यावरच्या काकांवर घेतला, वॉचमनवर घेतला. आई आहे मी; कुणालाच सोडलं नाही.

गुरुवारी निघण्याआधी जुना फोन सासूबाईंच्या कपाटावर, औषधांच्या खोक्यामागे उभा करून ठेवला. पलंग आणि दार दोन्ही दिसतील असा. चार्जरला लावला, चित्रीकरण चालू केलं आणि कामावर गेले. संध्याकाळी आले तेव्हा दोघी पडलेल्याच होत्या. मी ठकीच्या कपाळाला हात लावून बघितला, फोन गुपचूप पर्समध्ये टाकला. पुरावा हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं ठरवलं होतं. माझ्या मानाने हे फारच झालं.

शुक्रवारी दुपारी स्टुडिओत ते चित्रीकरण माझ्या पडद्यावर चढवलं, कानाला हेडफोन लावले. खाली आवाजाची पट्टी धावायला लागली. सकाळ मी पळवली. दुपारी ठकी शाळेतून आली, मग नवरा ऑफिसातून आला, संध्याकाळ व्हायला आली तिथे थांबवलं.

सासूबाई उठून बसल्या होत्या. पाठीला उशी, केस विंचरलेले. आणि त्या बोलत होत्या. जरा जड, शब्द चघळत, पण बोलत होत्या. "आज कुणाला बाकावर उभं केलं?" त्यांनी विचारलं. ठकीने कुणाचं तरी नाव सांगितलं आणि उभं राहण्याची नक्कल करून दाखवली. मावशी चादर घडी करता करता हसल्या. हॉलमधून नवऱ्याचा आवाज, फोनवर कुणाशी तरी मोठमोठ्याने गप्पा. उघड्या खिडकीतून खालचा रेडिओ येत होता, त्यावर वॉचमन शीळ घालत होता. काका कुणाशी तरी क्रिकेटवरून भांडत होते. एवढे आवाज. माझ्या घरात एवढे आवाज असतात हे मला माहीतच नव्हतं. मला राग यायला हवा होता, म्हातारीने वर्षभर फसवलं म्हणून. पण मला हेवा वाटत होता.

मग खालचा रेडिओ बंद झाला.

शीळ थांबली. माझा हात सवयीने चालायला लागला, मी ओळी टाकायला लागले. (रेडिओ बंद होतो.) थोड्या वेळाने काकांचं बोलणं वाक्याच्या मध्येच तुटलं. (कागदाचा आवाज.) आणि जिन्यात पावलं वाजली. लांबून, पण स्पष्ट. टाच आधी आपटणारी, प्रत्येक पायरीला जाब विचारल्यासारखी. मी कान देऊन ऐकलं. मावशींची चाल मला माहीत आहे, नवऱ्याची माहीत आहे. ही त्यांतली नव्हती. मी ही पावलं जन्मात ऐकलेली नव्हती. मी लिहिलं, (अनोळखी पावलं.)

पडद्यावर सासूबाईंनी मान वळवून दाराकडे बघितलं.

"आजी," ठकी म्हणाली, "हात गार पडायला लागले."

"पाणी पी आधी," सासूबाई म्हणाल्या. "पी पटकन. आणि आडवी हो, म्हणजे पडायची नाहीस."

"आजी, मला नाही आवडत असं होतं ते."

"ठाऊक आहे मला. अडवू नकोस, येऊ दे. अडवलं की जास्त त्रास होतो. मी आहे ना इथे." त्यांनी तिला जवळ ओढलं, चपला काढल्या, केस कपाळावरून मागे सारले. ते करता करताच त्यांचा हात थांबला आणि जबडा सैल पडला. ठकीचे डोळे आजीकडे बघता बघता विझले. मावशींनी चादर खाली ठेवली, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या आणि त्यांची मान छातीवर गेली. हॉलमध्ये नवरा "ठेवतो, ठेवतो" म्हणाला, मग तिथूनही काही येईना. आवाजाची पट्टी सपाट झाली. तिच्यावर फक्त ती पावलं उमटत होती. मोठी होत होती. दाराशी आली. किल्ली फिरली.

मला ओरडायचं होतं. कालच्या त्या पडद्यातल्या माझ्या मुलीला, ऊठ, पळ म्हणून ओरडायचं होतं.

दार उघडलं आणि एक बाई आत आली. माझी पर्स हिच्याकडे कशी, हे मला पहिलं वाटलं. खरंच सांगते, एवढंच वाटलं. बाईने खोलीवरून नजर फिरवली. "झालं का सुरू?" ती म्हणाली. तो आवाज मी रोज माझ्या डोक्याच्या आतून ऐकते, तिथे तो असा लागत नाही. मग ती पलंगाशी आली, ठकीवर वाकली, अगदी नाकाला नाक लागेल इतकी. हुंगलं. हनुवटी धरून तिचं तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं. मला चांगलं आठवत होतं, मी तेव्हा काळजीने बघत होते. पडद्यावर त्यातलं काहीही दिसत नव्हतं.

मी हेडफोन काढले. स्टुडिओत शांतता होती. पलीकडच्या टेबलावर संपादिका हातांवर डोकं ठेवून निजली होती. तिच्यापलीकडचा मुलगाही. इतकी वर्षं मी त्यांना आळशी म्हणत आले. मी उठले तेव्हा खुर्ची किंचित वाजली आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मी पाहिले. ती उठली मात्र नाही.

घरी जाताना वाटेत थांबून शुश्रूषागृहाला फोन केला. म्हटलं, उद्या गाडी पाठवू नका, आमच्या आईंना कुठेही न्यायचं नाही. त्या गेल्या असत्या तर ठकीला आडवी हो, पाणी पी म्हणणारं कुणी उरलं नसतं. ती एकटी माझ्यासमोर राहिली असती. हे माझ्या मनात आलं तेव्हा मी भर रस्त्यात कडेला उभी राहून रडले, पदराआड नाही की रुमालाआड नाही, सरळ रडले. जाणारे-येणारे लांबून वळसा घालून गेले.

गेटाच्या अलीकडे मी चपला काढून हातात घेतल्या. रेडिओ चालू होता. मी मांजरीच्या पावलाने चालले, टाच टेकवलीच नाही. तरी मी कोपऱ्यावर येते न येते तोच रेडिओ बंद झाला. वॉचमनची मान पडली. "असू दे, भाऊ," मी हळू म्हटलं. काकांच्या तोंडावर पेपर होता आणि पेपर हलत नव्हता. त्यांचा श्वासही त्याला हलवत नव्हता. मी किती वेळा या माणसाच्या अंगावरून बडबडत गेले असेन.

हॉलमध्ये नवरा. आत मावशी खुर्चीत. पलंगावर त्या दोघी.

ठकीचे पाय गार होते. मी ते हातात धरून चोळले, तर आणखी गार झाले, म्हणून सोडले. "बाळा," मी म्हटलं, "मी काही बोलणार नाहीये. मी रागावलेली नाहीये." हे म्हणताना माझा आवाज मला ऐकू आला. दार आपटावं तसा होता. मी पुन्हा हळू म्हणून बघितलं, पुन्हा अगदी कुजबुजून. वास वाढत चालला. ठकीच्या ओठांची कड निळसर दिसायला लागली. ती मुलगी माझी आहे, मी नऊ महिने पोटात वाढवली आहे, आणि मी जितकी तिच्यावर माया करायला जात होते तितकं तिचं काळीज मंदावत होतं. घरातून निघून जावं, हे सुचलं नाही असं नाही. पण कुठे जाणार? आणि परत येणारच होते ना मी, आज नाही तर उद्या.

मग मी पलंगाच्या कडेला, तिच्या पायांपाशी आडवी झाले. डोळे मिटले. हातपाय सैल सोडले, तोंड जरा उघडं ठेवलं, त्यांना बघून बघून मला ते पाठच झालं होतं. मी सोंग घेतलं. त्या घरात खरंखुरं सोंग घेणारी मी पहिलीच असेन.

बराच वेळ काही झालं नाही. खिडकीतून ऊन गेल्याचं पापण्यांवर कळलं. हॉलमध्ये सोफा करकरला. माझ्या शेजारी कुणीतरी कूस बदलली. माझ्या चेहऱ्यावर ऊब आली, दूध-बिस्किटाच्या वासाची. कुणीतरी अगदी नाकाला नाक लावून मला बघत होतं. मी हलले नाही.

"आजी," ठकी कुजबुजली, "आता बोलू?"

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "तिचा श्वास चालू आहे अजून."

मी श्वास रोखला.

मग एक मोठा सुस्कारा ऐकू आला, आणि पलंग हलला, आणि माझी मुलगी बोलायला लागली. तिच्या वर्गात म्हणे एका मुलाच्या दप्तरात कबुतर शिरलं होतं. बाईंनी दप्तर उघडायला सांगितलं, तर तो म्हणे उघडत नाही, ते झोपलंय. तिने बाईंचा आवाज काढला, मग त्या मुलाचा, मग कबुतराचा. किती छान काढते ती आवाज. मावशी हसल्या. दारात येऊन नवराही हसला. मला हसू येत होतं, डोळ्यांतून पाणी येऊ पाहत होतं, ते दोन्ही मी आत धरून ठेवलं. छाती फुटायला आली होती. पण कबुतर अजून दप्तरातच होतं.